भाताचं तूस, केळीची साल आणि पाण्यातलं विष



पन्हाळगडावरची अंधारबाव तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली असेल. तीन मजली दगडी वास्तू, आत उतरणारा जिना आणि तळाशी पाणी. शत्रू वेढा घालायचा तेव्हा आधी गडाच्या पाण्यात विष कालवायला बघायचा, म्हणून ही विहीर इमारतीच्या पोटात लपवून ठेवली, असं सांगतात. तेव्हा विष कालवणारा माणूस असायचा. दारावर पहारा बसवला की त्याला अडवता यायचं.

आज पाण्यात जे विष येतं ते बहुतेक वेळा कुणी मुद्दाम कालवत नाही. कारखान्याच्या नाल्यातून, फोडलेल्या बॅटरीतून, कधी जमिनीतल्या खडकातूनही ते येतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, पारा अशी त्याची नावं. आर्सेनिक हा पूर्ण धातू नाही, पण त्याच पंगतीत बसणारा. आपल्या पिण्याच्या पाण्यात ही मंडळी येतात तेवढ्या प्रमाणात त्यांना वास नसतो, चव नसते, रंगही दिसत नाही.

आजचा आपला विषय असा आहे. शेतातल्या आणि स्वयंपाकघरातल्या टाकाऊ वस्तूंनी, म्हणजे भाताचं तूस, उसाचं चिपाड, केळीची साल, नारळाचा काथ्या, झाडाची साल यांनी हे धातू पाण्यातून काढता येतात का? उत्तर आहे, हो, येतात. पण हे काम कुठं करायचं आणि कुठं अजिबात करायचं नाही, ते नीट कळलं पाहिजे. मोबाईलवर निरोप येतो, ‘केळीची साल हंड्यात टाका, पाणी शुद्ध.’ तो वाचून आपण साल हंड्यात टाकली आणि निर्धास्त झालो, तर त्याची किंमत आपली लेकरं देतील. म्हणून आज हे सगळं सावकाश समजून घेऊ.

किती धातू म्हणजे जास्त?

भारतीय मानक ब्युरोनं पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा ठरवून दिल्या आहेत. त्या मानकाचं नाव आयएस १०५००. त्यात शिशाची मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. हा आकडा कानावरून निघून जातो, म्हणून असं समजा. दहा हजार लिटरचे दहा टँकर ओळीनं उभे केले. त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम शिसं विरघळलं, की मर्यादा गाठली. कॅडमियमची मर्यादा त्याहून कडक आहे. असे शंभर टँकर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी, आणि त्यात फक्त तीन ग्रॅम.

इतकं थोडं विष काय करणार, असं वाटेल. पण हे धातू शरीरात साठत जातात. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. मूल शिकण्यात मागे पडतं, चिडचिडं होतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. जिच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, तिचं शरीर शिसं जास्त ओढून घेतं. आपल्या किती जणींचं हिमोग्लोबिन कमी निघतं, ते आशाताईंना विचारा. म्हणजे हे विष आधी आपल्यालाच गाठतं.

कॅडमियमची गोष्ट जपानची आहे. तिथं तोयामा भागात जिंझू नावाची नदी आहे. वरच्या अंगाला जस्ताची खाण होती आणि खाणीचं पाणी नदीत जायचं. खालच्या अंगाला आपल्यासारखीच भाताची खाचरं. नदीचं पाणी खाचरात, खाचरातलं कॅडमियम भातात, भातातून माणसात. मूत्रपिंडं बिघडली, हाडं इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्यानंही मोडायची. त्यात सगळ्यात जास्त होत्या बायका, त्याही चार-पाच बाळंतपणं झालेल्या, उतारवयाच्या. वेदनेनं त्या ‘इताई, इताई’ म्हणून ओरडायच्या, म्हणजे ‘दुखतंय गं, दुखतंय.’ आजाराचं नावच इताई-इताई पडलं. १९६८ साली जपान सरकारनं मान्य केलं की हा आजार प्रदूषणातून आलाय. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं आपल्याला तिचा उपयोग होणार आहे.

आपल्याकडे हे धातू येतात कुठून?

पन्हाळा तालुका तसा वरच्या अंगाला. कासारी आपल्याकडून खाली वाहते, प्रयाग चिखलीला संगम होतो आणि तिथून पुढं पंचगंगा. कोल्हापूरभोवतीची ओतकामाची आणि यंत्रांच्या सुट्या भागांची कारखानदारी बहुतेक खालच्या अंगाला आहे. पण आपल्या लेकीबहिणी त्याच खालच्या गावांत दिलेल्या आहेत, आणि आपली मुलं तिथंच कामाला जातात. शिवाय छोटे उद्योग कुठंही निघतात.

ज्या ठिकाणी लोखंडावर किंवा पितळेवर निकेलचं, क्रोमचं पाणी चढवतात, तिथल्या धुवणाच्या पाण्यात हे धातू असतात. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात तिथली माती आणि पाणी दोन्ही धोक्याचं. जुन्या तेलरंगात शिसं असायचं. खरा शेंदूर म्हणजे तर शिशाचंच ऑक्साइड. म्हणून शेंदराचे हात धुतल्याशिवाय लेकराला भरवू नये.

आता आपल्या डोंगरातल्या लाल पाण्याबद्दल. आपला खडक जांभा. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. बोअरचं पाणी हंड्यात ठेवलं की वर तांबूस साय येते, कपड्यांना डाग पडतात. ते बहुधा लोह असतं. त्याचा त्रास होतो, चव बिघडते, पण ते शिशा-कॅडमियमसारखं विष नाही. पाणी उघड्या भांड्यात उंचावरून ओतलं, हवा लागू दिली, थोडा वेळ निवळू दिलं आणि वाळूतून गाळलं, की बरंच लोह खाली बसतं. म्हणजे लाल पाणी विषारीच असेल असं नाही, आणि काचेसारखं स्वच्छ दिसणारं पाणी निर्धोक असेलच असंही नाही.

चिपाड धातू धरतं कसं?

गुऱ्हाळ आपल्याला नवं नाही. काहिलीत रस तापायला लागला की गुळव्या रानभेंडीच्या खोडाचं बुळबुळीत पाणी त्यात सोडतो. रसातला बारीक मळ त्या बुळबुळीला चिकटतो, गोळा होऊन वर येतो आणि मळी म्हणून काढून टाकता येतो. झाडपाल्यानं घाण धरून काढायची ही युक्ती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलीय.

धातूचं मात्र थोडं वेगळं आहे. रसातला मळ तरंगत असतो, धातू पाण्यात विरघळलेला असतो. मीठ विरघळलं की फडक्यानं गाळून निघत नाही, तसाच हा. त्याला धरायला चिमटा लागतो, आणि असे चिमटे झाडाच्या शरीरात जागोजागी असतात. चिपाड, तूस, साल हे सगळं तंतू आणि पेशींच्या भिंतींचं बनलेलं असतं. त्या भिंतींवर अशा जागा असतात की पाण्यातला धातूचा कण तिथं येऊन चिकटतो. बऱ्याचदा तिथं आधी कॅल्शियम बसलेलं असतं. ते उठून पाण्यात जातं आणि त्याची जागा शिसं घेतं. याला जैव-अधिशोषण म्हणतात. फडकं पाणी पितं तसं हे नव्हे. धातू पृष्ठभागावर चिकटून राहतो.

याचा पुरावा घरातच आहे. आवळा लोखंडी विळीवर चिरला की काळा पडतो. आवळ्यातलं तुरट द्रव्य, टॅनिन, विळीचं लोह धरतं, म्हणून तो काळा रंग येतो. हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत हेच द्रव्य भरपूर असतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं त्यातच कमावतात. म्हणूनच टॅनिन असलेल्या साली धातू काढायला चांगल्या ठरतात.

आता दोन नियम लक्षात ठेवा.

पहिला नियम, जागा मोजक्या असतात. कोल्हापूर-पन्हाळा एसटीत सीटा ठरलेल्या. रिकाम्या असतील तोवर माणसं बसतात. भरल्या की पुढचा माणूस स्टँडवरच राहतो. तुसाचंही तसंच. सगळ्या जागा भरल्या की नंतरचा धातू सरळ पाण्याबरोबर निघून जातो. पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम जास्त असेल, तर काही जागा त्यानंच अडवलेल्या असतात.

दुसरा नियम, आंबट झालं की पकड सुटते. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर त्यात ताक किंवा चिंचेचं सार कळकतं, कारण आंबटपणा धातूला भांड्यातून ओढून काढतो. म्हणून तर चिंच लावली की पितळ लखलखतं. तुसावर बसलेला धातूही तसाच आंबट पाण्यात परत सुटतो. शास्त्रज्ञ याचा फायदा घेतात. भरलेलं तूस सौम्य आम्लानं धुतात, धातू वेगळा काढून घेतात आणि तेच तूस पुन्हा वापरतात. हाच गुण घरात आपल्याला घातक ठरू शकतो.

हे काम कुठं जमलंय?

ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली केळीच्या सालीचा प्रयोग प्रसिद्ध केला. वाळवून बारीक केलेल्या सालीनं नदीच्या पाण्यातलं शिसं आणि तांबं धरलं, आणि तीच साल ११ वेळा वापरता आली. उसाचं चिपाड, काथ्या, तूस, शेंगांची टरफलं, अंड्याची कवचं यांवरही भारतात आणि बाहेर पुष्कळ प्रयोग झालेत.

आपल्या महाराष्ट्रातलं जवळचं उदाहरण पुण्याचं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या तिथल्या संशोधन केंद्रानं भाताच्या तुसाची राख वापरून ‘सुजल’ नावाचं साधं गाळणं तयार केलं होतं. पुढं त्याच वाटेनं तुसाच्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून ‘टाटा स्वच्छ’ हे घरगुती गाळणं डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आलं. ते वीज आणि नळ नसलेल्या घरांसाठी होतं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक म्हणजे ते गाळणं जंतूंसाठी होतं, शिसं-कॅडमियम काढण्यासाठी नव्हतं. तूस वापरलं म्हणजे सगळंच निघतं असं नाही. दुसरी म्हणजे त्यातला गाळणारा भाग सुमारे ३,००० लिटर पाण्यासाठी होता आणि तो संपला की पाणी येणंच बंद व्हायचं. म्हणजे ‘सीटा भरल्या’ हे ते गाळणं स्वतः सांगायचं.

आपल्या घरच्या सालीला आणि तुसाला हे सांगता येत नाही.

मग हंड्यात का टाकायचं नाही?

एक, आपल्या पाण्यात कुठला धातू आहे, मुळात आहे की नाही, हे आपल्याला माहीत नसतं. औषध देण्याआधी आजार कळायला हवा.

दोन, जागा कधी भरल्या ते कळत नाही. आठ दिवस ठीक चाललेलं तूस नवव्या दिवशी काहीच धरत नसेल, तरी पाणी दिसायला तेवढंच स्वच्छ.

तीन, ओली साल कुजते. कुजलेल्या सालीवर जंतू वाढतात. धातू काढायला गेलो आणि जुलाब घेऊन आलो, असं व्हायचं.

चार, प्रयोगशाळेत ती साल धुतलेली, वाळवलेली, ठराविक बारीक केलेली, औषधानं प्रक्रिया केलेली असते. पाण्याचा आंबटपणा मोजलेला असतो, शेवटी यंत्रावर धातू मोजतात. आपल्या सालीवर आदल्या आठवड्यात फवारलेलं औषधही असू शकतं.

म्हणून या टाकाऊ मालाची खरी जागा पिण्याच्या हंड्यात नाही, ती विषाच्या उगमापाशी आहे. जिथं धातूचं पाणी तयार होतं, त्या कारखान्याच्या आवारातच मोठ्या नळकांड्यात प्रक्रिया केलेला माल भरायचा, पाणी त्यातून सोडायचं, बाहेर येणारं पाणी रोज मोजायचं. तिथं कुठला धातू आहे ते माहीत असतं, तो जास्त प्रमाणात असतो, आणि मोजणारा माणूस असतो. शंभर किलो भात भरडला की साधारण वीस किलो तूस निघतं, टनभर उसामागं पावणेतीनशे-तीनशे किलो ओलं चिपाड. माल आपल्याकडे भरपूर आहे, स्वस्त आहे. मोठी यंत्रणा न परवडणाऱ्या छोट्या कारखान्यांना तो उपयोगी पडू शकतो.

वापरलेल्या तुसाचं काय होतं?

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं इथून पुढं आहे.

तुसानं पाण्यातलं शिसं धरलं म्हणजे शिसं संपलं नाही. ते पाण्यातून तुसात आलं. जंतू उकळून मरतात. धातू मरत नाही, जळत नाही, कुजत नाही. पाण्यात जे पसरलेलं होतं ते आता मूठभर मालात एकवटलं. म्हणजे ते वापरलेलं तूस आधीच्या पाण्यापेक्षा जास्त जपायला हवं.

दिसायला मात्र ते आपल्या रोजच्या तुसासारखंच दिसतं, आणि आपली सवय अशी की काहीच वाया घालवायचं नाही. तूस गोठ्यात अंथरायचं, उकिरड्यावर टाकायचं, चुलीत घालायचं, गांडूळ खताच्या वाफ्यात मिसळायचं. चांगलीच सवय आहे. पण इथं तीच घात करेल. गोठ्यात टाकलं तर जनावर तोंड लावणार. चुलीत घातलं तर काही धातू धुरातून आपल्या छातीत, बाकीचा राखेत, आणि राख भांडी घासायला. खतात घातलं तर कुजताना आंबटपणा येतो आणि पकड सुटते. मग धातू मातीत, मातीतून भातात आणि भाजीत. जपानच्या त्या बायकांच्या घरात कॅडमियम भाताच्याच वाटेनं आलं होतं.

कायद्यानंही असा माल घातक कचरा धरला जातो. तो नोंद ठेवून, परवाना असलेल्या ठिकाणी पाठवावा लागतो. आपल्या बाजूला असं ठिकाण पुण्याजवळ रांजणगावला आहे.

उद्या कुणी तुमच्या गटाकडे आलं आणि म्हणालं, ‘ताई, तुमच्याकडून तूस, काथ्या, साली विकत घेतो, पाणी शुद्ध करायला हवंय,’ तर आनंदानं विका. स्वच्छ, वाळवलेला माल विकणं हा चांगला धंदा आहे. पण व्यवहार ठरवताना तीन प्रश्न विचारा. हा माल कुठल्या पाण्यासाठी वापरणार? वापरल्यावर कुठं पाठवणार, त्याचा कागद आहे का? आणि वापरलेला माल खत म्हणून, जळण म्हणून किंवा भराव म्हणून आमच्या गावात परत येणार का? तिसऱ्या प्रश्नाला ‘फुकट देऊ की’ असं उत्तर आलं, तर तो माल गावाच्या वेशीतही येऊ देऊ नका.

आपण आपल्या गावात काय करायचं?

पहिलं काम तपासणीचं. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या पेटीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, ते शोधा. कुणीच नसेल तर ग्रामसभेत विचारा. त्या पेटीनं आम्लता, कठीणपणा, लोह, नायट्रेट, फ्लोराइड अशा गोष्टी कळतात. शिसं आणि कॅडमियम मात्र साधारण पेटीत कळत नाहीत. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा त्यासाठीच आहेत. आपल्या ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नमुना घेतात. त्यांना स्पष्ट सांगा की जड धातूंची तपासणी हवी आहे, नाहीतर नेहमीचीच तपासणी होईल.

बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. धातूच्या नमुन्यात थोडं आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अहवालात कमी दिसतो. तुसाला चिकटतो तसाच. बाटलीत आधीच आम्ल असेल तर ती विसळू नका, आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका.

दुसरं, कुठला उपाय कशासाठी आहे ते घरात सगळ्यांना सांगा. उकळल्यानं जंतू मरतात, धातू जात नाही. उलट पाणी आटलं की धातूचं प्रमाण वाढतं. टीसीएल पावडर जंतूंसाठी. तुरटी गढूळपणासाठी. या तिन्ही गोष्टी करायच्याच, कारण दूषित पाण्याचे आजार आपल्याकडे रोजचे आहेत. पण धातूवरचा उपाय म्हणून त्यांच्यावर विसंबायचं नाही. तपासणीत खरंच विषारी धातू निघाला, तर ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं थांबवा आणि ग्रामपंचायतीकडे दुसऱ्या स्रोताची मागणी लेखी करा.

तिसरं, गावात किंवा शेजारी बॅटऱ्या फोडण्याचं, धातू वितळवण्याचं किंवा निकेल-क्रोमचं पाणी चढवण्याचं काम चालत असेल, तर धुवणाचं पाणी कुठं सोडतात ते बघा. ओढ्यात सोडत असतील तर ग्रामपंचायतीत आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात लेखी तक्रार करा. तारीख, वेळ, जागा लिहा, गटाच्या सह्या घ्या, पोच घ्या. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं असं पाणी सोडायला बंदी आहे. एकटीनं गेलं तर टाळाटाळ होते, वीस सह्यांचा अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

चौथं, घरातलं. पितळेच्या भांड्यांना खात्रीच्या माणसाकडून कथलाचीच कल्हई करून घ्या, शिसं मिसळलेली नको. लेकरांच्या ताटात नाचणी, पालेभाजी, दूध राहू द्या. लोह आणि कॅल्शियम पुरेसं असलं की शरीर शिसं कमी ओढतं. आणि बाहेरच्या कामावरून आलेल्या माणसानं आधी हातपाय धुवावेत, कामाचे कपडे वेगळे धुवावेत, मग पोराला उचलून घ्यावं.

तूस, चिपाड, साल यांच्यात ताकद आहे, हे खरं. ती ताकद नाल्याच्या तोंडाशी, जाणत्या माणसाच्या हाती, मोजमाप ठेवून वापरली तर खालच्या गावांचं पाणी वाचेल. गटाच्या येत्या बैठकीत एवढंच करा. आपल्या पिण्याच्या पाण्याचा शेवटचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीकडून मागून घ्या आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. त्यात शिसं आणि कॅडमियम यांच्यापुढं आकडा लिहिलाय का, ते बघा. रकाना रिकामा असेल किंवा ती नावंच नसतील, तर तपासणीचा अर्ज त्याच बैठकीत लिहा.

काही शंका राहिली तर आम्हाला कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. नमस्कार.